इंदुआत्याने हात खाली घेतला

मंडळी, आधी एक प्रश्न. उत्तराची घाई नको, मनातल्या मनात ठेवा.

वादळ आलं. एकाच्या चिऱ्याच्या घराची कौलं उडाली. शेजारच्या माणसाचं झावळ्यांचं खोपटं होतं, ते अख्खं गेलं — खांबासकट! सरकारकडून मदत आली. सांगा, ती कुणाची?

तिकडे खांबाला टेकलेले काका म्हणाले, "दोघांची." काका, तुम्ही फार सज्जन! पण मदत पुरेल एकालाच. आता बोला! ... बघा, काका गप्प! आणि त्या चिऱ्याच्या घराचे मालक तुम्हीच आहात असं धरा. आता तर सगळा मंडप गप्प!

हरकत नाही. याच प्रश्नापुढे एक बाई अशीच अडली होती. तिची ही कथा. ऐका!

समुद्रात, किनाऱ्यापासून लाँचने सहा तासांवर, शंखदीव नावाचं बेट. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. बेटाचा कारभार बेटाचीच सभा बघायची. अकरा सभासद. सभेत पक्ष दोन — एक शिडाचा, दुसरा वल्ह्याचा. होडी मात्र एकच हं! पण शीडवाला म्हणे, वल्ही फेका. वल्हेवाला म्हणे, शीड फाडा. असो. आपल्याकडे असलं काही नसतं! ... हसू नका, व्यासपीठावर सरपंच बसलेत.

तर या सभेत शिडाच्या पक्षाकडून निवडून आलेली एक बाई होती, इंदुमती गिरप. वय अठ्ठावन्न. सगळं बेट तिला इंदुआत्या म्हणायचं. सुकी मासळी विकायची. नवरा ऐन तिशीत समुद्राने नेला. दोन मुली वाढवल्या, मार्गी लावल्या, आणि डोक्यावर पाटी वाहून वाहून चिऱ्याचं घर बांधलं — तिच्या घराण्यातलं पहिलं. ज्या दिवशी कौलं चढली त्या दिवशी ही बाई म्हणे घरात गेलीच नाही! समोर माडाखाली बसली आणि दिवस कलेपर्यंत नुसती घराकडे बघत राहिली. पोटभर!

लोकांनी तिला निवडून का दिलं? भाषण करते म्हणून? छे! सभेत तोंड उघडत नसे. पण मासळी तोलताना तिचा काटा कधी कुणाला हललेला दिसला नाही. लोक म्हणाले, हिला पाठवा.

आणि त्या वैशाखात वादळ आलं. सकाळी वारा सुटला आणि दुपारपर्यंत बेट ओळखू येईना! जेट्टीवरच्या होड्या बाजारपेठेत, बाजारातली दुकानं समुद्रात. माड तर असे मोडले, जसे कुणी काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात. इंदुआत्याच्या घराच्या भिंती राहिल्या. वर आभाळ!

आठव्या दिवशी मदतीचं जहाज आलं. तांदूळ, ताडपत्र्या, छपरांसाठी पत्रे. सोबत मुख्य भूमीवरच्या सरकारचं पत्र : वादळात ज्यांच्या घराचं नुकसान झालं, त्यांना वाटप करावं. सोपं वाक्य. पण मंडळी, सगळं भांडण त्या एका शब्दात होतं. घर! घर कशाला म्हणायचं?

बेटाच्या मागच्या अंगाला खारकांड नावाची वस्ती. मिठागरात राबणारी माणसं, बेचाळीस खोपटी. जमीन सरकारी, त्यामुळे घराला नंबर नाही. आणि नंबर नाही म्हणजे, नियमाने, घर नाही!

सभा भरली. अध्यक्ष होते मोंडकर गुरुजी. शिडाच्या पक्षाचे, निवृत्त शाळामास्तर. वाईट माणूस नव्हे हो! उभ्या आयुष्यात सरकारी खडूचा तुकडाही घरी न नेलेला माणूस. ते उठून म्हणाले, "खारकांडाबद्दल मलाही वाईट वाटतं. पण ते लोक वादळाआधीही गरीबच होते. वादळाने जे नेलं ते भरून देणं हे या मदतीचं काम आहे. जे नव्हतंच, ते वादळ नेणार कुठून? आज नियम मोडला तर उद्या जहाज येणार नाही."

काय चुकीचं बोलले, सांगा बरं? ऐकायला अगदी बिनचूक!

लगेच वल्ह्याच्या पक्षाचे वकील कुबल ताडकन उभे! "हा अन्याय आहे! बेटावरच्या प्रत्येकाला द्या, नाहीतर हे जहाज परत पाठवा!"

कुणीतरी विचारलं, "परत पाठवलं तर खारकांडाला काय मिळणार, वकीलसाहेब?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे!"

तत्त्वाचा! मंडळी, तत्त्व डोक्यावर धरलं तर पाऊस लागायचा थांबतो का हो?

दोन दिवस हेच. जहाज जेट्टीला उभं, पत्रे जहाजात, आणि सभेत तोंडाचे पट्टे. तिसऱ्या दिवशी मतं घेतली. अध्यक्षांचं मत फक्त बरोबरी झाली तर. उरले दहा. नियमाच्या बाजूने हात वर झाले सहा, विरोधात चार.

त्या सहा हातांत एक हात इंदुआत्याचा होता.

काय, नाराज झालात? "बुवा, ही कसली तुमची नायिका!" अहो, जरा तिच्या जागी बसा. पक्षाचा आदेश. पावसाळा तीन आठवड्यांवर. पाटी वाहून बांधलेलं घर उघडं पडलेलं. पत्र्यांच्या यादीत नाव वरच्या पाचांत. हात आपोआप वर जातो हो! माझाही गेला असता. तुमचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वेक्षणाचा कारकून लाड तिच्याकडे आला. खारकांड तिच्याच वॉर्डात, म्हणून कागदावर तिची सही हवी होती. इंदुआत्या शिकली होती चौथी. बोट ठेवून ठेवून वाचणारी. वाचता वाचता बोट थांबलं.

"लाडभाऊ, निरंक म्हणजे काय?"

"काही नाही, आत्या. म्हणजे नुकसान शून्य."

"खारकांडात शून्य? बेचाळीस खोपटी होती तिथं!"

"खोपटी होती. घर नव्हतं."

"तुम्ही जाऊन बघितलंत?"

लाड हसला. "नंबरच नाहीत, तर बघायला जायचं कुठल्या घरी?"

इंदुआत्याने कागद घडी करून ठेवला. म्हणाली, "संध्याकाळी या." आणि पायात वहाणा घालून निघाली. आपण ज्याच्यावर सही करणार ते निरंक दिसतं तरी कसं, ते बघायला!

टेकडी ओलांडली. खाली खारकांड. आणि तिथं खरंच काही नव्हतं! खोपटं नाही, चूल नाही, कुंपणाची काठीसुद्धा नाही. नुसता चिखल आणि चिखलात माणसं. एक होडी पालथी पडली होती, तिच्या आडोशाला एक पोरगी झोपलेली — नऊ महिन्यांची पोटुशी. बाजूला तिची सासू, तुळसा. मिठागरात पायांना भेगा पडलेली, उन्हाने काळी ठिक्कर झालेली म्हातारी. इंदुआत्याला बघून उठली. तिच्या बोलीतच सांगतो.

"ये गे बाय. ह्या फळयेर बस, एवढीच सुकी आसा."

सगळ्या वस्तीत एक कोरडी फळी, आणि ती पाहुणीला दिली! इंदुआत्या बसली. तुळसाने कुठून तरी काळा चहा आणून हातात दिला. मग अगदी सहज म्हणाली, "तू म्हणे काल हात वर केलंस?"

इंदुआत्याने चहा फळीवर ठेवला. "हो."

"बरा केलंस. तुझा घर तरी उभा ऱ्हवात. किती कष्टान बांधलंस ता!"

मंडळी, त्या म्हातारीच्या बोलण्यात टोमणा नव्हता! टोमणा असता तर बरं झालं असतं. उलट उत्तर देता आलं असतं. शिवी सहन होते हो, पण ज्याचं आपण काढून घेतलं त्यानेच आपलं भलं चिंतलं तर तोंड कुठे लपवायचं? इंदुआत्या खाली बघत राहिली, आणि तेव्हा तिला ती भोकं दिसली. चिखलात, ओळीने, गोल भोकं. एक, दोन, चार ... जिथं जिथं खांब पुरले होते, वादळाने उपटून नेले होते, तिथं तिथं! बेचाळीस खोपट्यांच्या खांबांची भोकं! सगळी वस्ती जमिनीवर जशीच्या तशी काढलेली!

संध्याकाळी लाड आला. इंदुआत्या म्हणाली, "मी सही करत नाही."

आता सभेचा एक जुना नियम होता : वॉर्डाच्या सभासदाने सही नाकारली, तर सभेने जागेवर जाऊन पाहणी करायची आणि पुन्हा मतं घ्यायची. आजवर कुणी सही नाकारलीच नव्हती! पक्षाची माणसं धावत आली. एकाने समजावलं, एकाने दरडावलं. "आत्या, पुढच्या निवडणुकीत उभं राहायचंय ना? आणि तुमचं स्वतःचं छप्पर?"

ती म्हणाली, "उद्या दहा वाजता खारकांडात या. छत्री आणा. तिथं सावली नाही."

आले! नियमाचा माणूस नियम कसा मोडणार? मोंडकर गुरुजी धोतर सावरत सगळ्यांत पुढे. एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच! कुबल वकिलांनी पोहोचल्या पोहोचल्या फोन काढला आणि त्या पोटुशीचा फोटो घ्यायला लागले. इंदुआत्या आडवी आली. "वकीलसाहेब, फोन खिशात ठेवा. तुमच्या भाषणासाठी ती उघड्यावर पडलेली नाही!"

वकिलांचा फोन खिशात.

मग ती गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, तुम्ही मास्तर, मी चौथी पास. चुकले तर कान धरा. हे काय आहे?"

"भोक आहे."

"कशाचं?"

"खांबाचं असावं."

"खांब कशासाठी पुरतात?"

"छपरासाठी."

"आणि छपराखाली माणसं राहत असली, चूल पेटत असली, बाळंतपणं होत असली, तर त्याला काय म्हणतात, गुरुजी?"

गुरुजींनी आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले. आज कुणीतरी त्यांना विचारला होता.

आत्याचा आवाज चढला नाही. पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "तुम्ही म्हणालात, हे वादळाआधीही गरीबच होते. खरं आहे! वादळ एका दिवसात आलं नि गेलं. पण ही माणसं पंचवीस वर्षं आपलं मीठ काढतायत, आणि पंचवीस वर्षांत आपण त्यांना एक नंबर दिला नाही. त्यांची खोपटी वादळाने नेली. गरिबी वादळाने आणलेली नाही. ती आपण सांभाळून ठेवली! परवा मी हात वर केला होता. आज या सगळ्यांच्या देखत मी तो खाली घेते. माझ्या छपराचे पत्रे आधी इथं टाका."

मृदंगवाले, थांबा जरा, आत्ता नको. असू दे शांत.

मग ती कुबलांकडे वळली. "आणि वकीलसाहेब, जहाज परत पाठवायची भाषा तुम्ही सोडा. मी माझं सोडलंय."

तिथंच चिखलात मतं घेतली. खारकांडाला मदत द्यावी — आत्याचा पाचवा हात. देऊ नये — पाच. बरोबरी! सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या.

मोंडकर गुरुजी हळूच खाली बसले. एका भोकात त्यांनी हात घातला. कोपरापर्यंत आत गेला! तो चिखलाने भरलेला हात बघत म्हणाले, "खोल पुरला होता ... पंचवीस वर्षांपूर्वी मिठागरासाठी या लोकांना बेटावर बोलवायचा ठराव झाला. त्याच्यावर सही माझी आहे. बोलावलं आम्ही. राहायचं कुठे, ते ठरवायचं राहून गेलं." मग उभे राहिले. "माझं मत द्यावं, असं आहे. वरून विचारणा झाली तर उत्तर मी देईन."

म्हणा, नारायण! नारायण!

टाळ्या वाजवल्यात? वाजवा. पण कथा अजून संपली नाही. खरी कथा टाळ्यांच्या नंतर असते. पत्रे वाढले नव्हते हो, माणसं वाढली होती! प्रत्येक घराच्या वाट्याला कमी आले. इंदुआत्याच्या स्वयंपाकघरावर पत्रा पडला, माजघरावर पडलाच नाही. सगळा पावसाळा तिने ताडपत्रीखाली काढला. बाजारपेठेतल्या बायका तिच्याकडून मासळी घेईनाशा झाल्या. "आमचे पत्रे वाटून टाकले हिनं!" वर्षाने निवडणूक झाली. पक्षाने तिकीट दिलं नाही, ती एकटी उभी राहिली आणि पडली. सरळ पडली! खारकांडाची मतं तिला मिळाली असतील म्हणता? नंबर नाही, म्हणून यादीत नाव नाही, म्हणून मतच नाही! ज्यांच्यासाठी केलं, त्यांना तिला मत देता येत नव्हतं. आणि हे तिला आधीपासून ठाऊक होतं!

यासाठी, मंडळी, यासाठी मी या बाईला नमस्कार करतो.

पुढे गुरुजींनीच वरच्या सरकारशी पत्रांवर पत्रं लिहून भांडण मांडलं. तीन वर्षं लागली, पण खारकांडाला नंबर मिळाले. कुणीतरी आत्याला विचारलं, "एवढं घालवलंत, वाईट नाही वाटलं?" पाटी खाली ठेवून ती म्हणाली, "वाटलं ना! निवडणूक हरल्याचं वाईट वाटलं. माजघर गळायचं, तेव्हा तर रडूच यायचं. पण टेकडीवरून खारकांडात उतरताना मान खाली घालावी लागत नाही. एवढं सुख मला पुरतं." आणि पाटी उचलून चालू लागली.

आता तुमच्याकडे येतो. आज दुपारी मी तुमच्या गावात आलो तो नदीकडच्या रस्त्याने. तिथं वीटभट्टीवर पंधरा-वीस पालं दिसली. माणसं आहेत, पोरंबाळं आहेत. इथं आल्यावर मी मंडळाच्या लोकांना विचारलं, महाप्रसादाला कोण कोण? ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "बुवा, आख्खं गाव! घरटी आमंत्रण दिलंय!" मी विचारलं, "आणि भट्टीवरची पालं?" तर म्हणाले, "ते काय, बुवा, आपल्या गावातले नाहीत."

बरं! विटा कुणाच्या घराला लागल्या हो?

रागावू नका. मी कीर्तनकार, उद्या सकाळच्या एसटीने जाणार. पण आरतीचं ताट माझ्यासमोर आहे, आणि ते मी अजून उचललेलं नाही. उचलणारही नाही. भट्टी इथून दहा मिनिटांवर आहे. मी बसतो, मृदंगवाले बसतील, देवही थांबेल. त्याला कुठे एसटी पकडायची आहे?

सांगा, बोलवायला कोण जातंय?