येणाऱ्याच्या नावाची जागा

आलापल्लीच्या गाडीसाठी रुखमाबाई चंद्रपूरच्या स्टँडवर बसली होती. शेजारी सायबर कॅफेवाला वाजिद कॉलेजातल्या निशात नावाच्या पोरीला काही सांगत होता. बाईचे कान तिकडेच.

“माह्या चॅटरूममध्ये कोणी आलं का कॉम्प्युटर आपोआप स्वागत करते. मीच लिहिलं तसं.”

“नाव कसं समजते त्याले?”

“नावाची जागा मोकळी ठेवाची. जो येईन त्याचं नाव तेवढ्यापुरतं तिथी बसते.”

“मंग बिघडलं काय?”

“तपासाले तुझं नाव टाकलं होतं. काढाचं राहून गेलं. आता जो येईन त्याले, ‘ये निशात, तुझीच वाट पाहून राह्यलो!’”

“या अल्ला! माहा भाऊ रोज येते तिथी!”

“काल आला ना.”

“काय म्हणाला?”

“म्हणे, ‘तुझ्या अम्मीले घेऊन आमच्या घरी कधी येशीन?’”

गाडी लागली, तरी रुखमाबाई उठली नाही.

“मंग कधी जाशीन, बाबू?”