जळत्या मिरचीजवळ हसणारा माणूस

धानोऱ्याच्या मंडळींनो, आयाबहिणींनो, तुम्ही शोकसभेला आलात. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण आज माझ्या गेलेल्या मोठ्या भावासाठी, सुकलालसाठी, बोलणार आहे.

सुकलाल वीस वर्षं मिरचीचे व्यापारी नानाभाऊ यांच्या पथारीवर, उघड्या मैदानात मिरची वाळत पसरतात तिथे, मुकादम होता. बुरशी लागलेला माल चांगल्यात मिसळायला त्यानं नकार दिला. आठ दिवसांनी पथारीवरचा एक ढीग जळाला. नानाभाऊंनी कोर्टात शपथेवर सांगितलं, सुकलालनंच पेटवला.

सुकलालच्या वकिलांनी नानाभाऊंना विचारलं, "तुम्ही कुठे होता?"

"दहा पावलांवर."

"आणि तो?"

"ढिगाला लागून उभा होता. तोंड उघडं. हसत होता."

मग पथारीवर मिरची निवडणारी लीलाबाई साक्षीला उभी राहिली. म्हणाली, "साहेब, मिरची जळस तठे उघडं तोंड लिसन घडीभर उभा ऱ्हाई दखाडा. मंग हसा."

जळत्या मिरचीच्या धुरात कोण हसतं? दहा पावलांवर कोणाचे डोळे उघडे राहतात? पथारीवर राबणारा माणूस असं खोटं बोललाच नसता. नानाभाऊ कधी गादीवरून उठून पथारीत उतरलेच नव्हते.

सुकलाल सुटला. पण तुम्ही त्याला सोडलंत का? तीन हंगाम एकाही पथारीवर त्याला उभं केलं नाही. पारावर तो बसला की तुम्ही उठायचात. मी सरकारी कचेरीत नोकरीला. मीही गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते.

तो म्हणायचा, "कोर्टनी सोडं रे भाऊ, गाव सोडत नही. नानाभाऊनी एकदाव चार लोकेसमोर सांगाले जोयजे, मी खोटं बोलनू." एवढंच त्याला हवं होतं. तेवढंच मिळालं नाही.

आज नानाभाऊ हार घेऊन आलेत. पहिल्या रांगेत बसलेत. मघाशी दारात मला म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊसाहेब. माणूस ग्या, वाद ग्या."

माणूस गेला. वाद गेलेला नाही. तो हार मी सुकलालच्या फोटोला घालू दिलेला नाही. तो तुमच्या खुर्चीखाली ठेवलाय, नानाभाऊ. जाताना घेऊन जा.

आता सुकलालसाठी दोन मिनिटं उभं राहायचं आहे. नानाभाऊ, त्याआधी ते एक वाक्य बोलायचं असेल तर बोला. चार नाही, सगळं गाव समोर आहे. मी थांबतो.

नाही?

मग तुम्ही बसूनच राहा. बाकीच्यांनी उभं राहावं.