अकरा तासांचा दिवस

बहीण : कारणं नकोत, आकडा वाच. एक मेकॅनिक रोज प्रत्यक्ष गाडीवर किती तास काम करतो?

भाऊ : अकरा.

बहीण : आपलं वर्कशॉप नऊला उघडतं, सहाला बंद. मधे जेवण. मग हे अकरा तास आणलेस कुठून?

भाऊ : ताई, गाड्यांच्या वीस शोरूमचं मंडळ आहे आमचं. दर महिन्याला सगळे आकडे पाठवतात, त्याची सरासरी निघते, तोच बेंचमार्क, सगळ्यांना लावायचं माप. मागे आपण विसावे आलो, तर मला स्टेजवर उभं करून कारणं विचारली. हातात माइक देऊन.

बहीण : म्हणून तू अकरा ठोकलेस.

भाऊ : सगळेच ठोकतात. हायवेवरच्या शोरूमने बारा लिहिलेत. त्याच्याकडे मेकॅनिक दोन, त्यातला एक पाय मोडून घरी.

बहीण : आणि सरासरी किती आली?

भाऊ : साडेआठ.

बहीण : म्हणजे वीस जणांच्या थापांची बेरीज केलीत, वीसने भागलीत, आणि त्या मापाने मिस्त्रीकाकांना मोजून घरी बसवलंत. सत्तावीस वर्षं आपल्याकडे राबलेला माणूस.

भाऊ : त्यांचे पाचच भरत होते. मंडळाचा सल्लागार म्हणाला, हाच माणूस तुम्हाला खाली ओढतोय.

बहीण : अरे, अख्ख्या कागदावर तेवढाच आकडा खरा होता.

भाऊ : कळलंय मला. म्हणून तर बोलावलंय त्यांना. उद्यापासून या म्हणतो.

(मिस्त्री दारातच थांबतात.)

मिस्त्री : येऊ का, शेठ?

भाऊ : विचारताय काय काका, बसा. माझं चुकलं. तो साडेआठचा आकडा खोटा होता. उद्या कामावर या.

मिस्त्री : खोटा होता?

भाऊ : सगळ्यांनीच फुगवलेला. मीसुद्धा.

मिस्त्री : अस्सं. मी शेवटचा महिनाभर डबा गाडीखालीच खाल्ला. पाचाचे सहा झाले, पुढे सरकेना. बायको म्हणाली, वय झालं तुमचं. डोळेसुद्धा तपासून आलो.

बहीण : काका, तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

मिस्त्री : तुमचे बाबा म्हणायचे, गाडीवाल्याशी आधी दोन शब्द बोल, आवाज कुठून येतो ते त्यालाच ठाऊक असतं. तेवढाच काय तो वेळ जायचा.

भाऊ : आताही बोला. कोणी वेळ मोजणार नाही.

मिस्त्री : परवा शेजाऱ्याच्या स्कूटरचा ब्रेक केला. नट आवळताना तीनदा घड्याळ बघितलं. घरच्या घरी, फुकटचं काम, घाई कसली? पण बघितलं. मग आवळला की नाही तेच आठवेना. पुन्हा जाऊन पाहिला.

बहीण : मग?

मिस्त्री : सैल होता, ताई. रोज त्याची बायको त्याच स्कूटरवर कामाला जाते.

भाऊ : होतं काका एखाद्या वेळी. उद्या येताय ना?

मिस्त्री : माझ्या हातून कधी होत नव्हतं, शेठ.