दोन नंबरची जर्सी

(रविवार सकाळ. गावच्या रग्बी क्लबची कपडे बदलायची खोली. एलुनेड कालच्या सामन्याच्या जर्सी पिळते आहे. तिचा धाकटा भाऊ इओलो बाकावर बसला आहे.)

एलुनेड : म्हणजे एवढ्या लांब गाडी घेऊन, अडीच तास पावसातून आलास ते माझ्या एका सहीसाठी. मला वेडीला वाटलं, बहिणीची आठवण आली.

इओलो : आलीच ना! चॉकलेटचा डबा आणलाय की.

एलुनेड : झाकणावर ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ लिहिलंय. ऑक्टोबर चालू आहे.

इओलो : ताई, टोमणे नंतर मार. सही कर. एका वर्षाचा तर करार आहे. फ्रान्समधलं छोटं गाव, दुसऱ्या विभागातला संघ. ऊन असतं म्हणे तिकडे.

एलुनेड : पुढच्या फळीत मधोमध रेटणारा तेहतीस वर्षांचा हुकर त्यांना कशाला हवाय? उन्हात वाळवायला?

इओलो : अनुभव लागतो त्यांना.

एलुनेड : तो आहेच बाबा तुझ्याकडे. वेल्सकडून एक सामना, त्यात अकरा मिनिटं. मग इंग्लंडमधल्या क्लबात नऊ वर्षं, त्यातली सहा बाकावर. बसायचा अनुभव तर दांडगाच आहे. बघू काय लिहिलंय. ‘गेल्या वर्षभरात खेळाडूच्या स्मरणशक्तीत कोणताही बदल जाणवलेला नाही. घरच्या व्यक्तीची सही.’ घरची व्यक्ती म्हणजे बायको. मेलेरीला काय झालं?

इओलो : तिनं पेन कुत्र्याच्या पाण्यात टाकलं.

एलुनेड : शहाणी आहे पोरगी. तुझ्याशी लग्न केलं, तेवढं एक सोडलं तर.

इओलो : अगं, डॉक्टरच म्हणतो मी ठणठणीत आहे! हे बघ, आठ वर्षांचे कागद. हंगाम सुरू व्हायच्या आधी दहा शब्द वाचून दाखवतात, पाच मिनिटांनी विचारतात. दरवर्षी मला पाच आठवलेत. यंदाही पाच. काडीचा फरक नाही.

एलुनेड : पाच?

इओलो : पाच.

एलुनेड : नऊ वर्षांचा असताना आइस्टेथवोदला, कवितापठणाच्या स्पर्धेत, स्टेजवर उभा राहून अठ्ठेचाळीस ओळी न अडखळता म्हणाला होतास. परीक्षक बाई मधेच काही तरी चुकीचं पुटपुटल्या, तर थांबून त्यांना दुरुस्त केलंस. आई लाजेने अर्धी झाली होती. आणि पंचविसाव्या वर्षी तुला दहातले पाच आठवले?

इओलो : ते... तसं सगळेच करतात गं.

एलुनेड : काय करतात?

इओलो : सामन्यात डोक्याला मार बसला की बाहेर नेतात आणि हीच परीक्षा घेतात. आधीपेक्षा कमी आठवलं की घरी बसवतात तीन-तीन आठवडे. तेवढ्यात आपली जागा दुसराच कुणी घेतो. म्हणून हंगामाआधीच कमी सांगायचं. आम्ही पुढच्या फळीतले तिघं गाडीत बसून ठरवायचो. तू सहा सांग, तू चार, मी पाच.

एलुनेड : वा! माझ्या वर्गातली पोरं पास व्हायला कॉपी करतात. तुम्ही नापास व्हायला केलीत. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

आयडवाल : (दारातून) कोण रिकामा? क्लबचा चिटणीस मी, बिअर संपली तर मला आधी कळायला हवं.

इओलो : या, आयडवालकाका.

आयडवाल : येतो कसला, हुकमाने आलोय. गुरुवारी जेवणावळ आहे, तू दोन शब्द बोलायचेस. बारमध्ये काचेतल्या तुझ्या वेल्सच्या लाल जर्सीखाली उभं करतो तुला. तुझा बाप, देव त्याचं भलं करो, त्या जर्सीखाली बसून अकरा मिनिटांवर अकरा वर्षं फुकट प्याला.

इओलो : त्या सामन्याचाच किस्सा सांगेन. पहिलाच स्क्रम, दोन्ही फळ्या डोकी भिडवून रेटायला वाकलेल्या. समोर टोंगा देशाचा हा एवढा गडी. मला म्हणतो, ‘घाबरू नकोस पोरा, माझाही पहिलाच सामना आहे.’ आणि एवढं बोलून मला उचलून मागच्या रांगेत ठेवलं!

आयडवाल : हा हा! मागच्या रांगेत! भारीच. अगदी हाच सांग गुरुवारी. चल, एलुनेड, माझा मनुकांचा केक?

एलुनेड : डब्यात आहे. एकच घ्या.

आयडवाल : एकच घेतोय. दुसरा कुत्र्याला. येतो रे, इओलो. जपून राहा, बाळा.

एलुनेड : गेले. ऐकलंस, ‘बाळा’ म्हणाले.

इओलो : प्रेमळ आहेत.

एलुनेड : प्रेमळ? पन्नास वर्षांत हा माणूस कुणाच्या विनोदावर हसलेला नाही. बायको बर्फावर घसरून पडली तेव्हा तेवढा हसला होता. इओलो, हा किस्सा तू त्यांना अर्ध्या तासापूर्वी फाटकापाशी सांगितलास. मी खिडकीतून ऐकला. टोंगाचा गडी, मागची रांग, सगळं तेच. ते दोन्ही वेळा हसले.

इओलो : ...मजा म्हणून परत सांगितला.

एलुनेड : हो का? मग यंदाचे पाच कसे आले ते सांग. तेही मजा म्हणून?

इओलो : पाऊस वाढतोय. मी निघावं हे बरं.

एलुनेड : इओलो.

इओलो : काय?

एलुनेड : यंदाचे पाच.

इओलो : ...यंदा म्हटलं, खोटं नको. एकदा खरंच बघू या. दहाच्या दहा सांगायचे. पाचही मिनिटं मनात घोकत बसलो होतो, ताई. आइस्टेथवोदच्या वेळेसारखं.

एलुनेड : मग?

इओलो : पाच आले. डॉक्टरने हात मिळवला. म्हणाला, ‘अभिनंदन, काहीच बदल नाही.’

एलुनेड : अरे देवा.

इओलो : त्याला तरी मी काय सांगणार? आठ वर्षं तुम्हाला फसवत होतो म्हणून? चेंडू रेषेबाहेर गेला की लाइनआउटला तो मला आत फेकायचा असतो. कुणाकडे फेकायचा त्याचे इशारे असतात, बारा-पंधरा. गेल्या हंगामापासून मनगटाच्या पट्टीवर लिहून नेतो. पोरं हसतात, म्हातारा झाला म्हणतात. मीही हसतो.

एलुनेड : आणि एवढं सगळं मला सांगून वर म्हणतोस, सही कर.

इओलो : मी अठराव्या वर्षापासून हेच करत आलोय. मला दुसरं काय येतं? तूच सांग. घरी बसून काय करू? मेलेरी माझ्याकडे असं बघते, जणू मी आत्ता फुटणार आहे. एक वर्ष दे ना, ताई. एकच.

एलुनेड : नाही देणार. माझ्याकडे एकच भाऊ आहे. थोडा बिनडोक आहे, पण जो आहे तो मला शाबूत हवाय. सही करणार नाही.

इओलो : मग दुसऱ्या कुणाची घेईन.

एलुनेड : घे की. आयडवालकाका लगेच देतील. दोन वेळा देतील. पण आधी उठ आणि मला मदत कर. सगळ्या क्लबचे कपडे मी एकटीने वाळत घालायचे आणि वेल्सच्या खेळाडूने बाकावर बसायचं!

इओलो : सवय आहे.

एलुनेड : माहितीय. या घे जर्सी. दोरीवर एक ते पंधरा ओळीने लाव. नाहीतर शनिवारी पोरं अदलाबदल करतात आणि शिव्या मी खाते.

इओलो : एवढ्या धुऊनही चिखल काही निघालेला नाही.

एलुनेड : तो तू खेळायचास तेव्हापासूनचा आहे. हात चालव.

इओलो : एक... तीन... चार. दोन कुठे गेली? हुकरची जर्सी हरवलीत? माझा नंबरच बरा हरवला!

एलुनेड : नीट बघ.

इओलो : टोपलीत नाही. बाकाखाली नाही. काल कुणी घरी नेली असेल.

एलुनेड : इओलो.

इओलो : मशीनमध्ये राहिली का?

एलुनेड : तुझ्या हातात आहे रे.

इओलो : (उजवा हात उलटसुलट करून बघतो.)

एलुनेड : डाव्या.

इओलो : हो की.

एलुनेड : दे इकडे. मी लावते.

इओलो : नको, लावतो मी. एकच्या शेजारी ना? ...ताई.

एलुनेड : काय?

इओलो : तो कागद फाडून टाक.

एलुनेड : तूच फाड. माझे हात ओले आहेत.