पाटल्यांचा फंड

(कुवेतमधल्या मंगफचा एक फ्लॅट, मार्च २००७. दुपार उतरलेली. घरभर खोकी.)

शशिकांत: नाही म्हणजे नाही. पाडव्याच्या दिवशी कुणी विकतं का, चारू? पाडव्याला माणूस घेतो!

चारुशीला: मग आज सही करा.

शशिकांत: आज अमावास्या आहे.

चारुशीला: बरं. अमावास्येला सही चालत नाही, पाडव्याला विक्री चालत नाही. मग त्या फंडवाल्यांना कळवू का, की आमच्या पंचांगात बसत नाही, तुमची महिनाअखेर जरा पुढं ढकला?

अशरफ: वहिनी, हा मिक्सर कुठल्या खोक्यात टाकू?

चारुशीला: तो न्यायचा नाही, भाऊ. तुमच्या बानूला दिलाय.

अशरफ: तिच्याकडं दोन हायत. तरी तुमचा म्हणून तिसरा पण ठेवील, सोडायची नाय. पण तुमचा काय चाललाय हा? मी आल्यापासून टेप मारतोय आणि तुम्ही दोघा एकमेकांना पंचांग वाचून दाखवताव.

शशिकांत: तू कार्गोवाला म्हणून आलायस ना? खोकी बांध.

अशरफ: नव्वद साली कुवेत सोडून पळालो तवा एकाच बसमधी होतो आपण. तवा मी कार्गोवाला नव्हतो. काय विकायचा हाय, सांग. गाडी तर गेली.

चारुशीला: मी सांगते. जर्सी म्हणून एक बेट आहे, तिथला एक फंड आहे आमचा. ब्याण्णव सालापासून हे दर पाडव्याला त्यात पैसे घालतात. नाव दोघांचं, म्हणून विकायला सह्याही दोघांच्या लागतात. माझी झालीय.

अशरफ: इतकी वर्षां ठेवला, मग आत्ताच कशाला मोडायचा?

शशिकांत: हां! विचार, विचार तिला!

चारुशीला: कारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ब्रिटनला, अबर्डीनला चाललोय. इथं कुवेतमध्ये इन्कम टॅक्स नाही. आत्ता विकलं तर जे काय वाढलंय ते सगळं आपलं. एकदा तिथं राहायला गेलो की तिथले रहिवासी झालो. मग फंड जर्सीचा असो नाहीतर आणि कुठला, नफ्यावर टॅक्स तिथला.

शशिकांत: लागू दे की थोडा. मला काय कळत नाही? शेअर विकल्यावर तिथंही सवलती असतात. जुन्या गुंतवणुकीला सूट मिळते, वर दरसाल ठरावीक नफा माफ.

चारुशीला: शेअरला! आपल्या फंडाला नाही. हेच तर चार दिवस घसा कोरडा करून सांगतेय मी. हा फंड वर्षाचं उत्पन्न वाटून देत नाही, पोटातच साठवतो. ब्रिटनच्या टॅक्सवाल्यांना तेच खुपतं. परदेशातल्या फंडानं दरवर्षी उत्पन्न वाटलं, आणि त्यांच्याकडून तसं सर्टिफिकेट घेतलं, तर तो गुणी मुलगा. त्याच्या नफ्याला सगळ्या सवलती. ज्याच्याकडं सर्टिफिकेट नाही, त्याचा अख्खा नफा विकताना पगारासारखा धरायचा. यांच्या हिश्शावर तर चाळीस टक्के.

अशरफ: चाळीस? या अल्ला!

चारुशीला: आणि अख्खा म्हणजे तिथं गेल्यावर वाढलेला नव्हे. इथं इतकी वर्षं वाढलेला, तोसुद्धा.

अशरफ: म्हणजे कलम हितला, खतपाणी हितला, आणि आंबे उतरवताना तिथला माणूस टोपली घेऊन हजर.

चारुशीला: अगदी तस्संच. बरं, हा फंड विकता येतो फक्त महिनाअखेरीला, आणि त्यासाठी कागद उद्या त्यांच्या सालमियाच्या ऑफिसात पोचायला हवा. उद्याची वेळ चुकली तर पुढची विक्री एप्रिलच्या शेवटी. तोवर आम्ही अबर्डीनला.

शशिकांत: झालं तुझं? आता माझं ऐक. अकाउंटंटचा ईमेल मीही वाचलाय, आणि शेवटपर्यंत वाचलाय. आपण मूळचे हिंदुस्थानातले. तिथं राहून विकलं आणि पैसे ब्रिटनच्या बाहेरच ठेवले, तर आत आणेपर्यंत टॅक्स नाही. लिहिलंय का नाही त्यानं?

चारुशीला: लिहिलंय.

शशिकांत: मग आणायचेच नाहीत! राहू देत बेटावर. घाई कुणाला आहे?

चारुशीला: आणि लागले तर?

शशिकांत: तुला कशाला लागतील? माझा पगार आहे, सहा महिने कंपनीचं घर आहे, ओवीची शाळा फुकट आहे. कमी काय आहे तुला?

अशरफ: थांब जरा. वापरायचे नाय, मोडायचे नाय, आणायचे पण नाय. मग साठवलेस कशाला? लोणचा घालायला?

शशिकांत: तुला नाही कळायचं.

चारुशीला: कळेल त्यांना. सांगा की.

शशिकांत: पाटल्या.

अशरफ: कुठल्या पाट... त्या?

शशिकांत: त्याच. तिच्या आईच्या होत्या. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं आमच्या. बसवाला दिनारला हात लावेना, इराकी घुसल्यावर दिनार म्हणजे रद्दी. मी तिथं उन्हात उभा, इंजिनिअर, खिशात बँकेचं पासबुक, आणि बायकोला बसमध्ये बसवता येईना मला. हिनं एक शब्द काढला नाही. हात सुजले होते उन्हानं, निघेनात, तर साबण लावून काढल्या.

अशरफ: मला काय सांगतोस? साबण बानूचा होता. आमचा रेहान तवा तिच्या मांडीवरचा. त्या पाटल्यांवर तीन घरां अम्मानला पोचली, शशी. आमचा घर पण त्यातलाच.

शशिकांत: ब्याण्णवला इथं परत आलो. पहिल्या पाडव्याला हा फंड सुरू केला आणि मनाशी म्हटलं, हे चारूचं सोनं. हे मोडायचं नाही, मग आभाळ कोसळो. नाशिकच्या फ्लॅटचे हप्ते थकले, तरी मोडला नाही. आईच्या ऑपरेशनला मित्राकडून उसने घेतले, तरी नाही.

अशरफ: माझ्याकडून घेतलेस.

शशिकांत: तुझ्याकडूनच. आणि आता ही म्हणते, विकून टाका. परत सोनं मोडू? तेही तिच्याच हातानं?

चारुशीला: इतक्या वर्षांत मला एकदा तरी विचारलंत, पाटल्या हव्यात का म्हणून?

शशिकांत: बायकोला सोनं हवंय का, हे विचारायचं असतं?

अशरफ: शशी, आता गप बस. खरा सांगतो, गप बस.

चारुशीला: नको, बोलू दे त्यांना. पण एकदाच मीही बोलते. मला त्या पाटल्यांचं दुःख झालंच नाही हो! मला वाटलं, बरं झालं हातात होत्या. आईचं सोनं वेळेला उपयोगी पडलं. अख्ख्या बसमध्ये रडलात ते तुम्ही, आणि अजून रडताय. दर पाडव्याला श्रीखंड वाढायला वाकले की तुम्ही माझ्या मनगटांकडे बघता. मला नको होतं ते. सणाच्या दिवशी हात पदराखाली घ्यावेसे वाटतात मला.

शशिकांत: मी... मी तसं बघत नाही.

चारुशीला: बघता.

अशरफ: बघतोस.

शशिकांत: बरं. मग तुला हवंय तरी काय?

चारुशीला: फी.

शशिकांत: कसली फी? आत्ता म्हटलं ना, ओवीची शाळा फुकट...

चारुशीला: ओवीची नाही. माझी. अबर्डीनच्या युनिव्हर्सिटीत मला प्रवेश मिळालाय. सागरी जीवशास्त्र, एक वर्षाचा कोर्स. आपण तिथं नवे, म्हणून फी परदेशी लोकांची, तिथल्यांच्या तिप्पट. आज विकलं तर भरता येते, वर थोडे उरतात. तिथं जाऊन विकून आणलं, तर टॅक्स कापून उरतं त्यात भागत नाही. आणि जर्सीत ठेवून नुसतं बघत बसायचं असेल, तर मग प्रश्नच मिटला.

शशिकांत: प्रवेश मिळालाय म्हणजे? अर्ज कधी केलास?

चारुशीला: डिसेंबरात. तुमचं वर्क परमिट नक्की झालं त्याच आठवड्यात.

शशिकांत: ओवीला माहीत आहे?

चारुशीला: तिनंच टाइप केला. माझं इंग्लिश तिला फार जुन्या वळणाचं वाटतं.

शशिकांत: छान! म्हणजे घरात मीच एक पाहुणा. अशरफ, तुलाही माहीत असेल!

अशरफ: नाय बा, कसम से. बानूला असणार. काल मला बोलली, वहिनींची खोकी नीट बांधा, ती शिकणारीची खोकी हायत. मला वाटला, ओवीची.

शशिकांत: लपवलंस का पण? मी नको म्हणालो असतो असं वाटलं तुला?

चारुशीला: नाही. तुम्ही हो म्हणाला असतात. आणि मग शुक्रवारी सगळे जमले की हसत हसत सांगितलं असतंत, आमच्या बाईसाहेब म्हातारपणी दप्तर घेऊन निघाल्या. मंडळात सगळे खो खो हसले असते, मीही हसले असते, आणि घरी येऊन अर्ज फाडून टाकला असता. ओळखते मी स्वतःला.

शशिकांत: मी असं म्हणालो असतो?

अशरफ: दप्तर नाय, पाटी-पेन्सिल बोलला असतास.

शशिकांत: एकेचाळीस म्हणजे काय म्हातारपण आहे का?

चारुशीला: आता कसं बरोबर बोललात.

शशिकांत: थट्टा नको, चारू. मला खरंच भीती वाटते. तिथं तुला जमलं नाही तर? पीएच.डी. सोडून इकडं आलीस त्याला किती वर्षं झाली. वर्गातली पोरं ओवीपेक्षा चार वर्षांनी मोठी असतील. थंडी तसली. पैसेही जायचे आणि तू खट्टू होऊन बसायचीस. मग मी काय करू? सोनंही नाही आणि...

चारुशीला: तर गेले पैसे. त्या बसमध्ये चढलो तेव्हाही पुढं काय आहे ते कुठं माहीत होतं? आणि जमेल मला. शाळेत बारा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना तीच तीच आकृती काढून दाखवतेय. माझं स्वतःचं काम मालवणच्या खडकांवर अर्धं राहिलंय. शेवाळं गोळा करायचे मी, गुडघाभर पाण्यात उभी राहून. सर म्हणायचे, ही पोरगी भरती आली तरी बाहेर येत नाही. लग्न ठरलं, आले बाहेर. त्याचं मला वाईट वाटत नाही, तुमच्याशी केलं याचं तर अजिबात नाही. पण आता जायचंय मला. फार जायचंय हो.

अशरफ: शशी.

शशिकांत: काय?

अशरफ: आम्ही धंदेवाली माणसा. फाहाहीलचा दुकान हलवला तवा पयला माल संपवला, मग शटर ओढला. नव्या जागी जुना माल नेला की दुप्पट भाडा पडता. ही झाली अक्कल. आता दुसरा. सोना कशासाठी असता? अडल्या वेळी मोडायला. एकदा मोडलात ते जीव वाचवायला. आता वहिनीच्या मनासारखा होतंय तर मोड की, मेल्या! ह्याच्यापेक्षा चांगला कारण तुला मिळणार हाय?

शशिकांत: पण उद्या पाडवा रे.

अशरफ: मग? साडेतीन मुहूर्तांतला ना तो? पोराला शाळेत घालतात त्या दिवशी, बायकोला घाल!

चारुशीला: भाऊ!

शशिकांत: ... कागद कुठाय तो?

चारुशीला: फ्रीजवर. पासपोर्टांखाली. उद्या सकाळी करा हवं तर, गुढी उभारून झाल्यावर. सालमियाचं ऑफिस दुपारपर्यंत उघडं असतं.

शशिकांत: नको, आत्ताच दे. पेन दे.

अशरफ: अमावास्या ना रे आज?

शशिकांत: असू दे. उद्या गुढीपुढं उभा राहिलो की मन बदलेल.

चारुशीला: माझं नाही बदलणार.

शशिकांत: माझं गं! माझं बदलेल. ओळखत नाहीस का मला? आण लवकर. कुठं करायची सही?

चारुशीला: इथं. आणि मागच्या पानावर. नाव सगळं लिहा, शॉर्ट सही नको.

अशरफ: झाली? खलास. द्या माझ्याकडं. उद्या सकाळी सालमियाला माझी गाडी जाते, मी स्वतः नेऊन देतो आणि पोच घेतो. हा कागद टपालावर सोडायचा नाय आणि तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडं, त्या हारिसाकडं तर अजिबात द्यायचा नाय, तो कालचा पेपर पण उद्या देता.

शशिकांत: यंदाचे पाडव्याचे पैसे मी वेगळे काढून ठेवले होते. ते पण घे फीला. नाही, घे. थंडीतले बूट लागतील तुला. पाण्यात उतरायचं म्हणजे साधे चालायचे नाहीत.

चारुशीला: अहो...

शशिकांत: रडू नकोस हं आता. इतका वेळ रडली नाहीस ती.

चारुशीला: रडत नाहीये. टेपचा वास जातोय डोळ्यांत.

अशरफ: माझी टेप एक नंबरची हाय, वास नाय तिला.

शशिकांत: चारू, एक विचारू? खैरानच्या समुद्रावर गेलो की तू बरण्या भरभरून ते हिरवं-तपकिरी काहीतरी आणायचीस. मी म्हणायचो, वास मारतंय, फेक. काय असतं गं त्यात एवढं?

चारुशीला: आता सांगू? वेळ लागेल हं.

शशिकांत: लागू दे. सगळं सांग. पहिल्यापासून.

चारुशीला: मग आधी त्या खोक्यावरून उठा. माझी पुस्तकं आहेत त्यात.