बाबांच्या गिटारचे दोन पिकअप

व्हायोलिनची खुंटी बसवून घ्यायला आलेल्या बाई दुकानातल्या बाकावर नंबर लावून बसल्या होत्या. त्यांच्या आधीचा नंबर दोन भावांचा होता. मध्ये त्यांच्या दिवंगत वडिलांची फुगीर पोटाची गिटार, तिला आवाज उचलून स्पीकरकडे पाठवणारे दोन पिकअप, पलीकडे दुरुस्तीवाले काका. बाईंचे डोळे खिडकीकडे होते, कान मात्र इकडेच.

"काका, मॅग्नेटिक पिकअप ठेवा, पिएझो काढून टाका. मॅग्नेटिक कसा, थेट तारेचं ऐकतो."

"दादाला लाकडातलं काय कळतंय? पिएझो ठेवा काका. तारा टेकतात त्या घोडीखाली बसून तो लाकडाला बोलतं करतो."

"बोलतं कसलं, कण्हतं."

"आईचं म्हणणं लक्षात आहे ना? आज एकमत झालं नाही तर गिटार मामाला."

"मामा तिच्यात कोथिंबीर लावेल."

"भांडू नका. दोन्ही बसवलेत, दोन्ही एकदम लावून बघा," काका म्हणाले.

दोघांनी आपापल्या पिकअपच्या आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. थोरल्याने तार छेडली. स्पीकरमधून रिकामा डबा खरवडल्यासारखं काहीतरी निघालं.

"काका, आवाज कुठे गेला?"

"एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. एकमेकांना खातात. पिएझोच्या वायरी उलटून जोडतो, मग दोन्ही खणखणीत ऐकू येतील."

"म्हणजे ह्याचाही माझ्याइतकाच?"

"आणि दादाचाही माझ्याइतकाच?"

"अगदी सारखा."

"मग राहू द्या, काका."

"हो, आहे तेच बरं. निदान दादाचा ऐकू तरी येत नाही."

"आईला काय सांगशील?"

"एकमत झालं म्हणून."