अकरा जण

मूल होत नाही म्हणून आम्ही नवरा-बायको दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. काउंटरवर पन्नाशीचे एक गृहस्थ बाईंशी बोलत होते.

“वीस वर्षांपूर्वी मी इथे वीर्यदान केलं होतं. आता मला हृदयाचा आजार निघालाय, आनुवंशिक. त्या मुलांना कळवा.”

“काका, तेव्हाच्या फाइली नष्ट केल्यात.”

“मुलं किती झाली, तेवढं तरी?”

“अकरा, असं जुन्या नर्सबाई म्हणायच्या.”

“मग त्यांच्या आईबापांना शोधा ना!”

“कसं शोधणार? आणि मुलांना कुठे ठाऊक असतं? आम्हीच सांगायचो, तोंडाला कुलूप घाला म्हणून.”

“माझा मुलगा गेल्या महिन्यात गेला, बाई. खेळता खेळता कोसळला. त्यानंतर माझी तपासणी झाली.”

“बसा काका. पाणी आणते.”

“पाणी नको. ते अकरा जणही आत्ता कुठेतरी खेळत असतील.”